भर उन्हात लाइट गेली

माझे मिस्टर लाईनमन होते. येरमाळ्याच्या आसपासच्या वस्त्यांवर लाइट गेली की लोक आधी त्यांना शिव्या द्यायचे आणि मग फोन करायचे. पावसापाण्यात खांबावर चढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर वर्षभर आराम करायचा, मग घरामागं चार झाडं लावायची, असं त्यांनी ठरवलं होतं. झाडं राहिली. वर्षाच्या आत त्यांना श्वासच पुरेनासा झाला.

आधी जिना चढताना धाप लागायची. मग अंघोळ करताना. मग शर्टाची बटणं लावतानासुद्धा ते मध्येच थांबून बसायला लागले. बार्शीच्या डॉक्टरांनी फोटो काढले, नळीत फुंकायला लावलं आणि सांगितलं, की फुप्फुसं कडक होत चालली आहेत. कशामुळं, ते सांगता येत नाही. बरं होणार नाही, पण ऑक्सिजनवर चांगले दिवस निघतील. हे डॉक्टरांनी माझ्याकडं बघून सांगितलं. मिस्टर तोवर खिडकीतून रस्त्यापलीकडच्या विजेच्या डीपीकडं बघत होते.

"उघडाच ठेवलाय डबा," ते म्हणाले. "कुणीतरी हात घालंल."

असं ते ऑक्सिजनचं मशीन आमच्या घरात आलं. लहान कपाटाएवढं, खाली चाकं असलेलं. हवा आत ओढायचं, तिच्यातला ऑक्सिजन वेगळा काढायचं आणि लांब नळीनं यांच्या नाकापर्यंत पोचवायचं. सिलिंडर भरून आणायची भानगड नाही. फक्त लाइट पाहिजे. पहिल्यांदा रात्रीपुरतं लावायचं होतं, मग दुपारीही, मग सगळा वेळ. त्याचा एक घरघराट असायचा आणि मध्येमध्ये एक सुस्कारा. मी शाळेतून आले की दारातच चप्पल काढताना आधी तो आवाज ऐकायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीची पोरं दिवसभर माझा जीव खायची, आणि घरी येऊन मी एका मशीनच्या आवाजाला कान लावून बसायचे. त्या वर्षांबद्दल कुणी विचारलं तर मला आधी तो आवाज आठवतो, आणि मग थकवा.

पहिलं बिल आलं तेव्हा मला वाटलं चुकून शेजारच्या आप्पांचं आमच्याकडं आलं. आप्पांचं आडतीचं दुकान आणि वर घर, दोन फ्रिज, पाण्याची मोटार. पण नाव आमचंच होतं. मिस्टरांनी बिल हातात घेतलं आणि शांतपणे मला समजावलं, की युनिट वाढले की नुसतं बिल वाढत नाही, युनिटचा दरही वाढतो. जास्त जाळलं की जास्त दरानं.

"जन्मभर थकबाकीवाल्यांची कनेक्शनं तोडली," ते हसत म्हणाले. हसल्यावर त्यांना खोकला यायचा, तसा आला. "आता माझंच तोडायला येतील."

बिलाचं एक वेळ सोसलं असतं. लाइट जाण्याचं सोसत नव्हतं. आमच्याकडं लाइट जाते, ती काही कुणी मुद्दाम करत नाही. वारा सुटला, फांदी पडली, कुठं खारूताई चिकटली, की जाते. एरवी आपण हातपंखा घेतो आणि बसतो. पण आता लाइट गेली की मशीन लांब शिट्टी वाजवायचं आणि गप्प व्हायचं. मग मिस्टर आधी सबस्टेशनला फोन लावायचे. तिथं त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं होती.

"काय झालंय रं?"

"दादा, फिडर ट्रिप झालाय. घेतो लगीच."

तेवढ्या दोन वाक्यांतही ते दमायचे.

तेव्हा कळंबहून एक सोलरवाले आले. चाळिशीचा माणूस, बोलायला गोड, हातात चकचकीत फाइल. मी त्यांना सगळं सांगितलं: मशीन असं आहे, लाइट अशी जाते, बिल असं येतं. त्यांनी छतावर जाऊन टेप लावला, खाली येऊन चहा घेतला आणि आकडा सांगितला. मी तो पुन्हा विचारला. बॅटऱ्यांसकट साडेतीन लाखांच्या घरात जात होतं. चार मोठ्या बॅटऱ्या, त्यांना ठेवायला वेगळी जागा, त्यांत पाणी घालत बसायचं, आणि चार-पाच वर्षांनी त्या पुन्हा बदलायच्या.

"एवढ्यात वर एक खोली चढंल," मी म्हणाले.

"बाई, सोलरच्या प्लेटा महाग न्हाईत एवढ्या. बॅटरी खाती पैसा," ते म्हणाले.

मिस्टरांनी मान हलवली. "बरोबर बोलतोय त्यो."

आप्पा संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचे. अंगावर पांढरा सदरा, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. तुरीचा, सोयाबीनचा भाव त्यांना आठ दिवस आधी कळायचा असं लोक म्हणत. त्यांनी मला दुकानदारी शिकवली. "बाई, थांबा. सोलरचा रेट उतरतोय. मोबाइलचं कसं झालं? आधी ज्यानं घेतला त्यो मूर्ख ठरला. मी बी थांबलोय. पुढच्या वर्षी निम्म्यात मिळंल."

मी थांबले. थांबले म्हणजे दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. एक साधा इन्व्हर्टर आणि एक बॅटरी घेतली. लाइट गेली की मशीन त्यावर दोन-अडीच तास चालायचं. तेवढं निभत होतं. शिवाय डॉक्टरांच्या सांगण्यावरून एक लहान सिलिंडर पलंगाखाली ठेवलेला असायचा, अडीनडीला.

आप्पांचं खरं निघालं. भाव उतरत गेला. दर वर्षी सोलरवाल्यांचा दिवाळीचा मेसेज यायचा, त्याखाली नवा आकडा असायचा आणि तो आदल्या वर्षीपेक्षा कमी असायचा. मला त्या मेसेजचं एक वेड लागलं होतं. मी तो मिस्टरांना वाचून दाखवायचे. ते म्हणायचे, "उतरू दे." आप्पांना सांगितलं की ते म्हणायचे, "अजून उतरंल." आणि सोलरचा भाव उतरत होता त्याच चालीनं मिस्टरांची ताकदही उतरत होती, हे आमच्या तिघांपैकी कुणीच बोलून दाखवत नव्हतं. आधी ते नळीसकट अंगणात फिरायचे. मग पलंगापासून मोरीपर्यंत. मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा दोनवरून तीनवर गेला, तीनवरून चारवर.

मग सरकारी अनुदान जाहीर झालं. घरावर सोलर बसवलं की थेट बँकेत पैसे जमा. येरमाळ्यात घरोघरी तीच चर्चा. देवीआईच्या यात्रेत जसे पाळणेवाले येतात तसे सोलरवाले गल्लीगल्लीतून फिरायला लागले. कुणी बार्शीचा, कुणी लातूरचा. आमचे कळंबचेही आले. आता त्यांच्याकडं गाडी होती आणि हाताखाली दोन माणसं. यावेळी त्यांनी आकडा सांगितला तेव्हा मी पुन्हा विचारलं नाही, कारण अनुदान वजा जाता तो माझ्या आवाक्यात होता. पहिल्या आकड्याच्या निम्मासुद्धा नव्हता.

"घ्यायचं," मी मिस्टरांना म्हणाले. "आता नाही थांबायचं."

"घे की," ते म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले, की मला बरं वाटलं.

मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर सोलरवाले त्यांच्याशी बोलत होते. स्टोव्हच्या आवाजात मला सगळं ऐकू आलं नाही. "दादा, कोणतं करायचं मग?" असं काहीतरी त्यांनी विचारलं, आणि मिस्टर म्हणाले, "साधंच कर." मला वाटलं, प्लेटांच्या कंपनीबद्दल बोलत असतील. विजेचं काम त्यांचं. माझं काम पैसे भरायचं आणि सह्या करायचं.

प्लेटा बसल्या त्या दिवशी घरात लग्नघरासारखी वर्दळ होती. छतावर लोखंडी सांगाडा उभा राहिला. मग नवीन मीटरसाठी महिना-दीड महिना फेऱ्या झाल्या. मीटर बसवायला मिस्टरांचेच जुने सोबती आले. काम झाल्यावर ते त्यांच्या पलंगाभोवती बसले आणि जुन्या गोष्टी निघाल्या. कुठल्या वस्तीवर मधमाश्या लागल्या होत्या, कुठं पुरात खांब वाहून गेला होता. मिस्टर ऐकत होते. बोलायचं झालं की दोन बोटं वर करून थांबायला सांगायचे, श्वास गोळा करायचे आणि मग एक वाक्य बोलायचे. सोबती तेवढा वेळ खाली बघत थांबायचे.

पुढच्या महिन्याचं बिल आलं ते जवळजवळ नव्हतंच. नुसता स्थिर आकार. मिस्टरांनी ते मला दोनदा वाचायला लावलं.

"बघ," ते म्हणाले. "दिवसा तयार झालेली वीज आपून लायनीला देतो, रात्री तीच परत घेतो. हिशेब बरोबर. आता कायमचं असंच येणार."

त्यांना इतका आनंद झालेला मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. बिल तर आजवर माझ्याच पगारातून जात होतं आणि त्याबद्दल ते कधी बोललेही नव्हते. मला त्या आनंदाचं थोडं नवल वाटलं, पण तेवढा विचार करायला डोकं ताजं असावं लागतं. माझं नव्हतं.

त्याच सुमाराला इन्व्हर्टरची बॅटरी फुगली आणि निकामी झाली. भंगारवाला घेऊन गेला. नवी घ्यायची का, असं मी मिस्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बघू सावकाश." मी मनात म्हणाले, आता सोलर आहे, कशाला पाहिजे बॅटरी.

वैशाखातली दुपार होती. शाळा सकाळची, त्यामुळं मी घरी आले होते. भाकरी झाली होती, मिस्टरांना ताटात कुस्करून देत होते. बाहेर ऊन असं होतं, की ओट्यावरची फरशी पांढरी दिसत होती. आणि लाइट गेली. पंखा थांबला. मशीननं शिट्टी वाजवली.

मी एक क्षण थांबले. मला वाटलं, आता सोलर लागेल. इन्व्हर्टर कसा टक् आवाज करून सुरू व्हायचा, तसं. काही लागलं नाही. मशीनची शिट्टी चालूच राहिली आणि मग तीही बंद झाली.

मी ताट खाली ठेवलं आणि जिन्यानं वर पळाले. चप्पल घातली नव्हती. स्लॅबवर पाय टेकवेना. प्लेटा जागच्या जागी होत्या, सगळ्यांवर लख्ख ऊन. एकीवर पाखराची घाण सोडली तर काही बिघडलेलं दिसत नव्हतं. मी वेड्यासारखं एका प्लेटेला हात लावून पाहिला आणि चटका बसून मागं घेतला. एवढं ऊन, एवढ्या प्लेटा, आणि खाली माणसाला श्वास नाही.

खाली आले तर मिस्टर पलंगाच्या कडेला पुढं वाकून बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, श्वास घशात. त्यांनी बोट खाली दाखवलं. मी पलंगाखालून सिलिंडर ओढला. चावी लागेना.

"उलटी," ते म्हणाले. "उलटी फिरव."

फिरवली. सुर्र आवाज आला. नळी लावली. हळूहळू त्यांच्या ओठांचा रंग परत आला. मग मला दिसलं, की सिलिंडरचा काटा पार शेवटापर्यंत होता. भरलेला सिलिंडर. मागच्या महिन्यात तो अर्धा होता, मला पक्कं आठवत होतं.

"हा कधी भरला?"

"मागल्या आठवड्यात. सबस्टेशनचा पोरगा बार्शीला चालला होता, त्याच्याकडं दिला."

"का?"

ते नळीतून श्वास ओढत राहिले. मी सोलरवाल्यांना फोन लावला. मला ओरडायचं होतं आणि मी ओरडले. काय बसवलंय तुम्ही, लाइट गेली आणि तुमच्या प्लेटा नुसत्या तापतायत, इथं माणूस मरायला लागला होता. ते सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "बाई, ऑनग्रिड हाय ते. लाइट गेली की ते बी बंद पडतं. तसंच असतंय. मी दादांना विचारलं होतं की, बॅटरीवालं करायचं का साधं. दादाच म्हणाले साधं कर. त्यांना सगळं माहितीय."

मी फोन खाली ठेवला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"लाइट गेली की हे बंद पडतं, हे माहीत होतं?"

"पडलंच पाहिजे," ते म्हणाले. आणि मग थांबत थांबत, दोन-दोन शब्दांनी, त्यांनी मला सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला त्यांच्याबरोबर एक जण होता, त्यांच्याच वयाचा. लाइन बंद केली, सबस्टेशनला कळवलं, सगळं रीतसर केलं आणि तो खांबावर चढला. खाली कुणाच्या तरी घरी लग्न होतं आणि त्यांनी जनरेटर लावला होता, घरची लाइन तोडायची राहिली होती. जनरेटरची वीज उलटी खांबावर गेली. "म्याच उतरवला त्याला," मिस्टर म्हणाले. "खांद्यावर. म्हणून सोलरला तसं करून ठेवलंय. लाइन बंद म्हणजे बंद. वर कुणीतरी चढलेलं असतंय."

हे त्यांनी मला लग्नाच्या इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

"ते कळलं," मी म्हणाले. "पण मग बॅटरीवालं का नाही घेतलं? कशासाठी घेत होते मी हे? तुमच्या मशीनसाठी ना?"

त्यांनी नळी नीट केली. "बॅटरी दुप्पट पैसा खाती. आणि पाच-सात वर्षांत बाद. प्लेटा पंचवीस वर्षं जातात. तुझी पेन्शन बी न्हाय, तुमची नोकरी नवीन नियमातली. माझी निम्मी मिळंल तुला. त्यात लाइटबिल तरी नको."

मला समजायला वेळ लागला. मी मशीनसाठी सोलर घेत होते आणि ते माझ्यासाठी घेत होते. माझ्यासाठी म्हणजे त्यांच्या मागं राहणाऱ्या माझ्यासाठी.

लोकांना ही गोष्ट सांगितली की त्यांचे डोळे भरतात. केवढं प्रेम, असं म्हणतात. मला त्या दिवशी नुसता राग आला होता. मी भाकरीचं ताट उचललं, मोरीत नेऊन ठेवलं आणि तिथंच उभी राहिले. मला न विचारता या माणसानं माझं एकटेपण मांडून ठेवलं होतं, बिलासकट. वर ते पंचवीस वर्षांचं. मी दिवसभर त्यांच्या एकेका श्वासासाठी धावत होते आणि ते शांतपणे स्वतःला हिशेबातून वजा करून बसले होते.

लाइट यायला बराच वेळ लागला. हायवेला ट्रकनं खांब पाडला होता. मी तेवढा वेळ सिलिंडरच्या काट्याकडं बघत बसले. पुढचे तीन-चार दिवस मी कामापुरतंच बोलले. त्यांनी समजूत काढायचा प्रयत्न केला नाही. तेवढी हवाही त्यांच्याकडं नव्हती.

पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घरी न येता तशीच कळंबच्या एसटीत बसले. सोलरवाल्यांच्या दुकानात जाऊन म्हणाले, बॅटरी बसवा. ते अवघडले. म्हणाले, आता बसवलेल्या इन्व्हर्टरला बॅटरी लागत नाही. तो काढून दुसरा घालावा लागेल. सुरुवातीलाच केलं असतं तर एवढं पडलं नसतं. या बॅटरीला अनुदानही नाही.

"माहितीय," मी म्हणाले. "आकडा सांगा."

आकडा प्लेटांच्या आकड्यापेक्षा मोठा होता. अनुदान आलं होतं ते त्यात गेलं, आणि मी लेकीच्या बाळंतपणासाठी बाजूला ठेवलेलंही गेलं. लेक लातूरला असते. तिला फोन करून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, माझं बघू आम्ही. तू लाव."

घरी येऊन मिस्टरांना सांगितलं. ते चिडले. चिडायलाही त्यांना थांबून थांबून चिडावं लागायचं.

"येडी हाईस का? लिथियम बॅटरीचा भाव पडाय लागलाय. वर्षभर थांब. निम्म्यात येईल."

"तुम्ही थांबता का वर्षभर?" मी म्हणाले.

त्यांनी मान फिरवून भिंतीकडं तोंड केलं. मला बोलल्याचं वाईट वाटलं नाही. वाटायला पाहिजे होतं बहुतेक. मी इतकी दमले होते, की वाईट वाटणं उद्यावर टाकलं आणि स्वयंपाकाला लागले.

बॅटरी आली. पांढरी, पातळ, भिंतीला टांगायची. तिच्यात पाणी घालायचं नाही, काही नाही. त्यानंतर लाइट गेली तर आम्हाला कळायचंही नाही. गल्लीतला टीव्हीचा आवाज बंद झाला की समजायचं, गेली. मशीन चालू, पंखा चालू. मिस्टर पहिले काही दिवस तिच्याकडं बघतही नव्हते. मग सोलरवाल्यांच्या माणसानं त्यांच्या मोबाइलवर एक अ‍ॅप घालून दिलं. किती वीज तयार झाली, किती बॅटरीत गेली, किती लायनीला गेली, सगळं दिसायचं. त्यांचा दिवस मग त्यातच जायला लागला. ढग आला की आकडा कसा पडतो ते मला बोलावून दाखवायचे. पावसाळ्यात म्हणायचे, "आज काय कमाई न्हाय." थंडीत ऊन स्वच्छ पडलं की खूश. शाळेत मला दुपारच्या सुट्टीत त्यांचा मेसेज यायचा, नुसता एक आकडा. मी उत्तर द्यायचे, "छान." आम्हा दोघांत त्या काळात जे काही चांगलं बोलणं झालं, ते बहुतेक विजेबद्दल होतं.

त्यांनी त्या बॅटरीवर एक पावसाळा आणि एक हिवाळा काढला. आणखी एक उन्हाळा मिळेल असं मला वाटत होतं. माघात त्यांना ताप आला आणि छातीत कफ दाटला. बार्शीला नेलं. तिथं लाइटचा प्रश्न नव्हता, ऑक्सिजनचा नव्हता, मशीनचाही नव्हता. सगळं होतं. फुप्फुसच घेईना. तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं मला आत बोलावलं. मिस्टरांनी मला ओळखलं, माझा हात धरला आणि काहीतरी म्हणाले, ते मास्कमुळं कळलं नाही. मी "हो" म्हणाले.

दहनाला सबस्टेशनची सगळी माणसं आली होती.

मशीन मी डॉक्टरांच्या ओळखीच्या एका घरी देऊन टाकलं. मशीन गेल्यावर घर एकदम मोठं आणि बहिरं झालं. मी रात्री जागी व्हायचे ते आवाज नाही म्हणून. लेक म्हणाली, लातूरला चल. मी म्हणाले, शाळा आहे अजून. शाळा होतीच, पण खरं म्हणजे मला सामान बांधायचाही कंटाळा आला होता.

आप्पांनी सोलर बसवलं त्याच उन्हाळ्यात. एवढी वर्षं थांबून शेवटी बसवलं, आणि बॅटरीसकट बसवलं. त्यांच्या छतावर काम चाललं होतं तेव्हा ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. नेहमीसारखे भावाबद्दल बोलायला लागले. बॅटरीचा भाव एवढा पडलाय, टॅक्सपण कमी झालाय, प्लेटाही आता मोठ्या आणि जास्त ताकदीच्या येतात. त्यांचं सगळं मिळून माझ्या नुसत्या बॅटरीएवढ्यात बसत होतं.

"बाई, तुमी वर्षभर थांबला असता तर..." ते म्हणाले, आणि त्यांच्याच लक्षात आलं. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "म्हणजे, तसं न्हाय."

"खरंय आप्पा," मी म्हणाले. "स्वस्तात झालं तुमचं."

मला त्यांचा राग आला नाही. भाव पडणारच होता. तो कुणासाठी थांबत नाही आणि कुणासाठी घाईही करत नाही. मी ती बॅटरी महागात घेतली हे खरं आहे. आप्पांनी स्वस्तात घेतली हेही खरं आहे. या दोन्हींची वजाबाकी करून काही हाती लागत नाही, हे मी करून पाहिलं आहे.

आता मी घरात एकटी. एक बल्ब, एक पंखा, थोडा वेळ टीव्ही. प्लेटा मात्र तेवढीच वीज करतात. बिल येतं ते स्थिर आकाराचं, आणि त्यावर माझे जमा युनिट दिसतात, महिन्याला वाढत जाणारे. मिस्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं, अगदी तसंच. दर रविवारी मी झाडू आणि बादली घेऊन वर जाते आणि प्लेटा धुते. हायवेची धूळ फार बसते. गुडघे दुखतात. खाली उतरताना कठडा धरावा लागतो. कधीकधी मनात येतं, नाही धुतल्या तर काय होईल, एवढी वीज कुणाला हवी आहे. पण धुते.

परवा पुन्हा लाइट गेली. दुपारची वेळ, मी शाळेतून येऊन नुकतीच आडवी झाले होते. दारावर थाप. गल्लीतली एक सून तान्ह्या बाळाला घेऊन उभी होती, बाळ घामानं भिजलेलं, रडून लाल झालेलं.

"बाई, तुमच्यात पंखा चालू हाय ना? जरा बसू का?"

तिच्या मागून तिची सासू आली, हातात मोबाइल आणि चार्जर. मग पलीकडची शिवणकामवाली आली, तिच्याकडं दुसऱ्या दिवशी द्यायचं ब्लाउज होतं आणि तिला इस्त्रीला पाच मिनिटं पाहिजे होती. मी म्हणाले, इस्त्री नको, बाकी काय ते करा. त्या पलंगावर, खाली चटईवर बसल्या. बाळ पंख्याखाली झोपलं. बायका त्यांच्या त्यांच्या बोलण्याला लागल्या, कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाच्या लग्नाची सुपारी फुटली. मला त्यांच्यात बोलायचं नव्हतं आणि त्यांना जा म्हणायचंही नव्हतं. मी चहा ठेवला. दूध थोडं कमी होतं, पाणी वाढवलं.

लाइट आली तसं सगळ्या उठल्या. सासूनं कप विसळून ठेवले. सून बाळाला खांद्यावर घेत म्हणाली, "झोप मोडली बाई तुमची."

"असू दे," मी म्हणाले.

त्या गेल्यावर मी दार लोटून घेतलं आणि पुन्हा पडले. पंखा फिरत होता. संध्याकाळी उठले तेव्हा दळण आणायचं राहून गेलं होतं.